टिनाच्या हॉटेलातला भात

गोंदिया स्टेशनाबाहेरचं टिनाच्या छपराचं हॉटेल मला आवडतं, आणि हे मी आता कोणापासून लपवणार नाही. घरातल्या शिकलेल्या मंडळींना त्याची लाज वाटते. नागपूरला राहून आलेले माझे धाकटे दीर तर म्हणतात, "वहिनी, त्या हलत्या बाकावर बसून काय खाता? लोक पाहून राहिले." पाहू द्या ना. लोकांना दुसरा उद्योग नसेल तर त्याला मी काय करू? छपराला बोटभर काजळी आहे, मान्य. समोर मालधक्का आहे, इंजिन फुसफुसलं की थाळीत राखेचे दोन कण पडतात, तेही मान्य. वरणात डाळ शोधावी लागते. तिथला स्वयंपाक माझ्यापेक्षा चांगला आहे असंही नाही, वाईटच आहे. पण का आवडतं हे विचारायची तसदी कोणी घेत नाही, नुसती नाकं मुरडतात. म्हणून एकदाचं सांगूनच टाकते.

आमचं गाव दरेकशाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. धानाची शेती, आणि ओसरीवर मीठ-तेलाचं छोटंसं दुकान. दुकानाचा माल आणायला आमचे हे दर मंगळवारी पॅसेंजरनं गोंदियाला जायचे आणि दिवस मावळता परत यायचे. आता दिवसभर बाहेर राहिलेल्या माणसानं खायचं काय? इथं आमच्या घरचा नियम आडवा यायचा. आमच्याकडे तेला-तुपात तळलेलं ते पक्कं आणि पाण्यात शिजलेलं ते कच्चं. पक्कं बाहेर चालतं. कच्चं, म्हणजे भात-वरण, फक्त आपल्या माणसाच्या हातचं, आपल्या चुलीवरचं. परक्याच्या हातचा भात खाल्ला की माणूस बाटला. त्याला चुलीजवळ जागा नाही, देवाजवळ नाही, पाण्याच्या घागरीजवळ नाही.

बरं, पक्कं चालतं तर बाजारात भजी खा आणि गप बसा! पण नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नियमाच्याही पुढे दोन पावलं. बाजारातलं तेल कोणत्या डब्यातलं, कोणाच्या हातचं, कोण जाणे. म्हणून दर मंगळवारी पहाटे उठून मी पुऱ्या तळायच्या. थंडी असो, पाऊस असो, अंगावर पितं लेकरू असो. अकरा वर्षं तळल्या. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा परत यायचा.

"कशा झाल्या होत्या?" मी विचारायची.

"मस्त," हे म्हणायचे.

आणि मी, अकलेचा कांदा, त्या एका शब्दावर आठवडाभर खुश राहायची.

मग एका भादव्यात मला हिवतापानं धरलं. एक दिवसाआड थंडी वाजून यायची, चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. काढे झाले, अंगारे झाले, कचारगडाच्या देवाला नवस बोलून झाला. दीड महिन्यात माझं असं चिपाड झालं की अंगणात जायला भिंत धरावी लागे. शेवटी यांनी एकदाचं ठरवलं, गोंदियाच्या डॉक्टरला दाखवायचं, तीन दिवस लागले तर धर्मशाळेत राहायचं. दोन्ही लेकरं आत्याबाईंपाशी ठेवली.

निघताना आत्याबाईंनी एका फडक्यात तांदूळ, दुसऱ्यात डाळ बांधली, वर भात शिजवायचा पितळी गंज ठेवला.

"आपल्या हातानं रांधून खाजो," त्या म्हणाल्या. "कोणाचं कच्चं खाजो नोको. खाल्लं तं माह्या चुलीपाशी येजो नोको. आताच आयकून घे."

मला उभं राहता येत नव्हतं, आणि आत्याबाईंना माझ्या हातचं रांधण हवं होतं! पण तापलेल्या डोक्यानं मी नुसती मान हलवली.

डॉक्टर भला माणूस होता. नाडी पाहिली, डोळे पाहिले, प्लीहा चाचपली. मग म्हणाला, "कुनैन देतो. पण रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, घेतलंत तर उलटून पडेल. मऊ भात आणि वरणाचं पाणी पोटात गेलं पाहिजे. तळलेलं एक घास नाही, पोट झेपणार नाही. तीन दिवस एकही मात्रा चुकवू नका आणि रोज सकाळी मला दाखवा."

घ्या! घरी जे चालत होतं ते डॉक्टरनं बंद केलं, आणि डॉक्टरनं जे सांगितलं ते घरी चालत नव्हतं. मला हसू आलं. मला तापात भ्रम झाला की काय, असे आमचे हे माझ्याकडे पाहू लागले.

गोंदियात आमच्या नात्यातलं एकच घर होतं. तिथं गेलो तर दाराला कुलूप, सगळी मंडळी प्रतापगडाकडे कोणाच्या तरी तेरवीला गेलेली. उरली धर्मशाळा. धर्मशाळेच्या अंगणात तीन-तीन विटांच्या चुली मांडलेल्या होत्या, ज्याचा तो रांधत होता. लाकडं पावसाळ्यातली, ओली. मी फुंकून फुंकून बेजार झाले. धुरानं डोळे, तापानं डोकं. कसाबसा जाळ धरला, गंज ठेवला, आणि तो उतरवायला उठले तेव्हा सगळं अंगण गरगर फिरलं. गंज कलंडला. भात राखेत, मी विटांवर. बाजूच्या चुलीवरची एक बाई धावत आली, तिनं मला उठवून बसवलं आणि म्हणाली, "माझ्या गंजातला देऊ का?" मी तिला विचारलं, तुम्ही कोण? तिनं जात सांगितली आणि मी नको म्हटलं. ती बिचारी आपल्या चुलीकडे परत गेली. तिचा चेहरा आठवला की आजही माझी मलाच चीड येते.

मग यांनी बाह्या सरसावल्या. "हटून बस. मी रांधतो." उभ्या जन्मात ज्यांनी चुलीत लाकूड सरकवलं नव्हतं ते! वरचा भात कच्चा, खालचा करपलेला, मधला नुसता चिखल. दोन घास मी डोळे मिटून गिळले आणि वर कुनैन घेतलं. सगळं उलटून पडलं. संध्याकाळी पुन्हा तेच. मध्ये थंडी भरून आली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "काल काय खाल्लं?" यांनी करपल्या भाताचं सांगितलं. "बाई, तुम्हाला लेकरं किती?" मी दोन बोटं दाखवली. "मग ऐका. औषध पोटात राहिलं नाही तर माझ्या हातात काही नाही. बाईंना घरी न्यायचं असेल तर खुशाल न्या. पण मग नवसावर भिस्त ठेवा."

बाहेर आलो. हे चपलेनं माती उकरू लागले. मग म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"भात खायले."

"अजी, शुद्धीवर आहा का? आत्याबाई काय म्हणाल्या ते—"

"मायचं मी पाहतो. तू चाल म्हणून राहिलो ना!"

चालायचं कसलं, यांनी मला धरून जवळजवळ ओढतच नेलं. स्टेशनाच्या बाहेर, मालधक्क्यासमोर, चार लाकडी बल्ल्यांवर टाकलेलं टिनाचं छप्पर. चार बाकं. एका बाजूला भट्टी, तिच्यावर मोठा गंज. भट्टीमागं एक जाडजूड माणूस, खांद्यावर फडकं. तोच मालक, तोच स्वयंपाकी, तोच वाढपी. यांना पाहताच त्याचा चेहरा खुलला.

"आइए सेठ! आज मंगल तो नहीं है। पूड़ी लाए?"

मला वाटलं, माझ्या कानात ताप गेला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "अरे, ये भाभीजी? पूड़ीवाली भाभीजी?"

पलीकडच्या बाकावर दोन हमाल जेवत होते. ते चटकन उभे राहिले आणि खरकटे हात तसेच जोडून त्यांनी मला नमस्कार केला. त्यातला एक म्हातारा होता. तो फार अदबीनं म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना, अजवाइन थोड़ी और डाला करो।"

ओवा! मला ओवा वाढवायला सांगत होता!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर मंगळवारची पहाट माझ्या डोळ्यांपुढून गेली. गार पाणी, ओली लाकडं, हातावर उडालेलं तेल, कुशीत रडणारं लेकरू. माझ्या मनगटावरचे सगळे डाग त्या पुऱ्यांचे. आणि त्या पुऱ्यांवर गोंदियाच्या हमालांना मी अकरा वर्षं पोसलं होतं.

"अन् तुम्ही?" मी यांना विचारलं. "तुम्ही काय खायचे?"

यांनी गंजाकडे पाहिलं. "भात."

"अकरा वर्षं?"

"अवं, थंड्या पुऱ्या घशाखाली उतरत नाही. सांगू कसं? तू एवढ्या मनानं करे."

"मस्त म्हणायचे तुम्ही! मस्त!"

"हे लोक म्हणत ना मस्त. मी त्यांचंच सांगो."

मला तिथून तडक निघून जायचं होतं. पण पायांनी ऐकलं नाही. हमाल पुन्हा जेवायला बसले होते, त्यांच्याच बाकावर मी धपकन बसले. बाकाचा एक पाय आखूड होता, मी बसले तशी दुसऱ्या टोकाचा हमाल वर उचलला गेला. तो तसाच जेवत राहिला. मालकानं विचारलंही नाही काय पाहिजे. माझा अवतार त्याला दिसतच होता. जर्मनच्या पत्र्याची थाळी माझ्यापुढे ठेवली, तिच्यात भात, वर पातळ वरण आणि लिंबाची एक फोड.

थाळीतून वाफ निघत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. आत्याबाईंचे शब्द आठवले, चुलीपाशी येजो नोको. चूल गेली म्हणजे त्या घरात माझं काय राहिलं? मग डॉक्टरपुढे वर केलेली दोन बोटं आठवली. मी देवाचं नाव घेतलं आणि पहिला घास तोंडात टाकला.

भात मऊ होता. मिठात जरा कमी होता. पोटानं तो ठेवून घेतला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. थाळी अर्धी झाली तशी डोक्यावर आवाज आला, "भाभीजी, भात और दूँ?"

मी वर पाहिलं नाही. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला विचारतोय. तो तसाच उभा, हातात भाताचं भांडं आणि पळी. "भाभीजी? थोड़ा और?"

मग माझ्या लक्षात आलं, हा मला विचारतोय. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून हा प्रश्न मीच विचारत आले होते. सासऱ्यांना, दिरांना, यांना, पाहुण्यांना, लेकरांना. सगळ्यांचं झाल्यावर आम्ही बायका बसायच्या. गंजाला खाली लागलेलं असेल ते, गार झालेलं, आपलं आपण घ्यायचं. महिन्याला दूर बसायचे ते दिवस असत, तेव्हाही उरलंसुरलंच लांबून मिळायचं. जेवताना कोणी माझ्याजवळ उभं राहून, आणखी देऊ का म्हणून विचारलेलं मला आठवेना. खूप आठवलं, तरी आठवेना.

मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले, त्यात लाज कसली? मालक घाबरला. "मिर्ची तो डाली नहीं मैंने!" असं सगळ्या बाकांना सांगू लागला. हे तर पार गांगरले. "दुखते का? काऊन रडून राहिली? डॉक्टरकडे जायाचं का?"

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय माहीत होतं?"

"असं बसून, कोणी वाढलेलं, गरम खाणं कसं असते ते. अकरा वर्षं माहीत होतं. बाटल्याचं नाही मला काही. पण एकट्यानं खाल्लं ना तुम्ही!"

मालकाला मी म्हटलं, "हाँ, और दो।" आयुष्यात पहिल्यांदा मी कोणापुढे थाळी सरकवली होती. त्यानं वाढलं आणि वर म्हणाला, "आराम से खाओ, कोई जल्दी नहीं।" कुनैन घेतलं. ते पोटात राहिलं.

तीन दिवसांचे पाच झाले, पण ताप उतरला. रोज दोन वेळा आम्ही त्या टिनाखाली गेलो. मला तो बाक ओळखीचा झाला, कुठं बसलं की हलत नाही ते कळलं. मालगाडी आली की आधीच थाळीवर हात धरायचा, तेही कळलं. चौथ्या दिवशी अंगात त्राण आलं तसं मी मालकाला सुनावलं, "वरणाला लसूण घालायला काय जातं तुमचं?" त्यानं दुसऱ्या दिवशी घातला, जाळला, आणि मी तो तसाच खाल्ला. जेवण झालं की हात धुवायचे आणि उठायचं. थाळी उचलायची नाही, शेण घेऊन जागा सारवायची नाही, उद्याचं काय भिजत घालायचं ते पाहायचं नाही. आता सांगा, ज्याला हे रोजच मिळतं त्याला त्या हॉटेलात काजळीशिवाय काय दिसणार?

परतीच्या गाडीत यांची तालीम सुरू झाली. "धर्मशाळेत आपल्या जातीची एक बाई भेटली म्हणू. तिनंच रांधून दिलं म्हणू. कोणत्या गावची विचारलं तं आमगावची सांगू." मी खिडकीतून धान पाहत होते. लोंब्या बाहेर पडल्या होत्या.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. लेकरं येऊन पायांना बिलगली. आत्याबाईंनी माझा चेहरा पाहिला, तोंडावरून हात फिरवायला उचलला आणि मध्येच थांबवला.

"ताप गेला?"

"गेला."

"काय खाल्लं?"

"अवं माय, धर्मशाळेत एक आमगावची—" यांनी सुरू केलं.

"मी हॉटेलातला भात खाल्ला," मी म्हटलं. "स्टेशनाबाहेरच्या. चार दिवस, दोन्ही वेळा."

एका खोट्यापायी अकरा वर्षं पुऱ्या तळल्या होत्या, दुसऱ्या खोट्यापायी आणखी काय काय तळायला लागलं असतं कोण जाणे! हे जीव मुठीत धरून माझ्याकडे पाहत होते. त्यांचं मी सांगितलं नाही; लेकानं आपल्या हातानं रांधून खाल्लं असेल, असं आत्याबाईंनी धरलं. काऊन नाही सांगितलं? नवरा म्हणून, सवय म्हणून, की नुसता मूर्खपणा म्हणून? आजही मला त्याचा राग येतो. अकरा वर्षं भात खाणारा माणूस पायावर पाणी घेऊन ऐटीत घरात गेला, आणि आठ थाळ्या खाणारी मी अंगणात उभी राहिले.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. गोमूत्र आणलं, माझ्यावर शिंपडलं, आणि म्हणाल्या, "पाच दिवस बाटली तू. गोठ्याच्या बाजूच्या खोलीत राह्य. चुलीपाशी येजो नोको. रांधायचं मी पाहतो."

पहिल्या दुपारी मी त्या खोलीत, सगळ्यांचं झाल्यावर काय उरतं त्याची वाट पाहत बसले होते. तर भट्टीवरून उतरवलेला वाटावा असा वाफाळता भात घेऊन आत्याबाई दारात. घरात अजून कोणी पाटावरही बसलं नव्हतं.

"आधी मला?" मी विचारलं.

"बाटलेलीले आधी वाढून मोकळी होतो," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "मंग हातपाय धुऊन बाकीच्याइले वाढतो. तेवढंच सोवळं."

असला नियम मी कधी ऐकला नव्हता. त्या वरून, न शिवता, पानात भात टाकत राहिल्या. टाकून झाल्यावर गेल्या नाहीत. पदर तोंडावर धरून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि माझं पान पाहत राहिल्या. "आखीन देऊ?" मी नको म्हटलं तरी पळीभर टाकलाच. पाचही दिवस असंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मध्येच विचारलं, "तो हॉटेलवाला असाच उभा राहे?"

"हो."

"जेवण होईपर्यंत?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी माझ्या पानात आणखी एक पळी टाकली.

सहाव्या दिवशी न्हाऊन, पंचगव्य घेऊन मी शुद्ध झाले. चुलीपुढे बसले, सगळ्यांना वाढलं. यांना दोनदा भात वाढला. सगळे उठून गेल्यावर आम्ही दोघी सासवा-सुना गंज पुढ्यात घेऊन बसलो. भात पार गार होता, खालचा खरवडूनच निघाला. आत्याबाईंनी तो दोन पानांवर सारखा केला आणि खाली पाहूनच म्हणाल्या, "ताप पुन्हा आला तं गोंदियालेच जाजो."

"तुम्ही पण चला," मी म्हटलं.

"मी कायले?" त्यांनी गार भातावर पाणी घेतलं आणि कालवू लागल्या. "मले कुठं ताप येते, बाई."